फाटकातून हाक

पॉपॉच्या खोऱ्यात कुणाच्या दारावर थाप मारायची पद्धत नाही. थेट दारापर्यंत येऊन थाप मारणारा एकतर सरकारी माणूस असतो, नाहीतर परगावचा विमेवाला, आणि दोघांचंही स्वागत सारखंच होतं. आपल्या माणसाने फाटकाशी थांबायचं, कुत्र्याला पोटभर भुंकू द्यायचं आणि खणखणीत हाक मारायची, "ए घरवाले! कुणी आहे का घरात?" मग नाव सांगायचं, कुणाकडचे ते सांगायचं, आणि आतून "या, या" आलं की पायऱ्या चढायच्या. हाक न मारता येणाऱ्यावर पूर्वी गोळी चालायची म्हणतात. आता चालत नाही, पण हाक राहिली आहे. प्रत्येक घरात हाताशी एक बंदूक असते हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि कुणीही ते बोलून दाखवत नाही.

डेल्फिया स्टर्जिलची हाक सगळ्या खोऱ्यात ओळखू यायची. ती मूळची वरच्या टोकाच्या टॅकेटांची मुलगी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सारा जन्म काढला, त्यामुळे शेवटच्या टेबलावरच्या पोराला तिथूनच दम भरायची गळ्याला सवय. बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि पायात बारा महिने पुरुषी बूट. घेवडा शिजवावा तर तिनेच. मक्याचा पाव ती लोखंडी तव्यात भाजायची आणि त्यात साखर घालणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. ते ती तोंडावर सांगायची, म्हणून चर्चच्या जेवणाच्या दिवशी दोन-चार बाया तिच्यापासून चार हात लांबच बसत.

तिचा नवरा हॉबर्ट शाळेची बस चालवायचा. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना त्याने शाळेत नेऊन सोडलं होतं, आणि उरलेल्यांच्या पोरांना. उंच, सावकाश बोलणारा, अतिशय रीतीचा माणूस. बाईमाणूस दिसलं की टोपी उतरलीच. आणि बँजो वाजवायचा. ढोलकीसारखं कातडं ताणलेला, लांब मानेचा, पाच तारांचा तो बँजो त्याच्या आजोबांचा होता. डेल्फियाशी त्याची ओळख झाली तीसुद्धा बँजोवरूनच. चर्चमागच्या बाकावर बसून त्याने तिला पहिला धडा दिला होता. बँजो एकच आणि तोही त्याच्या मांडीवर, म्हणून तिची बोटं त्याने बाकाच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, "अंगठा, पहिलं, मधलं. अंगठा, पहिलं, मधलं. एवढं जमलं की अर्धा बँजो आला." तिला एवढंच जमलं. उरलेला अर्धा ती कधी शिकलीच नाही, पण लग्न झालं. पुढे दोघं मोटारीत बसली, डॉक्टरकडे थांबली, कुणाच्या मयताला बसली, की त्याची बोटं गुडघ्यावर तोच फेरा धरायची आणि थोड्या वेळाने तिचीही.

घरातल्या बंदुकीचीसुद्धा एक हकीकत होती. हॉबर्टच्या बापाची लांब बंदूक पुढच्या दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी असायची. रेनिटा, त्यांची एकुलती एक मुलगी, खुर्ची ओढून टेबलावर चढायला शिकली त्या दिवशी डेल्फियाने ती बंदूक खाली काढली आणि नवऱ्यापुढे धरली.

"ही इथे राहणार असेल तर मी पोरीला घेऊन माहेरी."

"डेल्फी, माझ्या बापाच्या वेळेपासून ती तिथे आहे."

"तुझ्या बापाच्या वेळी तू टेबलाखाली बसायचास. तुझी पोरगी टेबलावर चढते."

लांब बंदूक माळ्यावर गेली. तिच्या जागी एक रिव्हॉल्वर आलं आणि ते पलंगाशेजारच्या वरच्या खणात, रुमालांच्या खाली राहिलं. खणाला कुलूप, कुलपाची चावी हॉबर्टच्या कमरेला. गोळ्या काढून वेगळ्या ठेवाव्यात असं डेल्फियाने एकदा सुचवून पाहिलं, तर हॉबर्ट म्हणाला, "रिकामं रिव्हॉल्वर म्हणजे महागडा हातोडा." यावर मात्र तो बधला नाही. रेनिटा मोठी होऊन लेक्सिंग्टन शहरात नोकरीला गेली, मग खणाचं कुलूपही गेलं.

मग खोऱ्यात गोळ्यांचे दिवस आले. बंदुकीच्या नव्हेत, दुखण्यावरच्या. खाणीत पाठी मोडलेल्या माणसांना डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या आणि बघता बघता खोऱ्यातली पोरं त्यांच्यापायी वाया गेली. ज्या घरात म्हातारं माणूस आणि औषधाची बाटली, त्या घरावर नजर. हॉबर्टच्या पाठीचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, भर दुपारी, तो बसवर असताना मागचं दार लोटून दोघं आत शिरले. फाटकातून हाक नाही, काही नाही. डेल्फिया झोपायच्या खोलीत चादरी बदलत होती. तिने खण ओढला आणि रिव्हॉल्वर दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

त्यातला एक ओळखीचा निघाला. शाळेत ती त्याला घेवडा वाढायची आणि तो दुसऱ्यांदा मागायचा.

"मिस डेल्फिया," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

"जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा."

ते गेले. शेरीफचा पोलीस पाऊण तासाने आला, कारण तेवढाच वेळ लागतो. रस्ता तसा आहे. डेल्फियाने त्याला त्या पोराचं नाव सांगितलं नाही. हॉबर्टला सांगितलं, आणि सांगताना ती इतकी थरथरत होती की त्याने तिला स्वतःच्या कोटात गुंडाळून बसवलं. पण त्या दिवसापासून तिच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. मदत पाऊण तासावर, आणि तो खण एका हाताच्या अंतरावर. पुढे कुणी काही म्हणो, ती त्यावरून हलली नाही.

नंतर काही वर्षांनी हॉबर्टचं विसरणं सुरू झालं. आधी बस एका वळणाला न वळता पुढे गेली, पोरांनी ओरडून मागे आणली आणि कुणी घरी चुगली केली नाही. त्याच्यावर जीव होता पोरांचा. त्याच वर्षी त्याने बस सोडली. मग माणसांची नावं गेली, मग महिने, मग बँजोची गाणी. शेवटी बँजो भिंतीवरच राहिला. कधी संध्याकाळी तो तिच्याकडे नीट बघायचा, हात डोक्याकडे जायचा, नसलेली टोपी उतरवायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" इतकी वर्षं 'डेल्फी' म्हणणारा माणूस आपल्याशी एवढ्या अदबीने बोलतो, यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

रेनिटाचा रोज फोन. "मम्मी, डॅडींच्या खोलीतलं ते काढून टाक. आजच्या आज."

"काढून टाकते आणि पुन्हा कुणी मागच्या दाराने आलं तर? घेवडा फेकून मारू?"

"मम्मी, डॅडी तुला ओळखत नाहीत कधी कधी. तू ऐकतेयस ना मी काय म्हणतेय ते?"

डेल्फिया ऐकत होती. मुलगी बोलत नव्हती तेव्हाही ऐकत होती. तिला रिव्हॉल्वर हवं होतं हाताशी, आणि हॉबर्टच्या हातापासून लांब. आणि दोघं तर एकाच पलंगावर झोपत होती. माळ्यावर ठेवावं तर तिचे गुडघे शिडी चढत नव्हते. पिठाच्या डब्यात लपवावं तर हॉबर्ट हल्ली दिवसभर डबे उघडत फिरायचा, कशाच्या तरी शोधात. काय शोधतोयस म्हणून विचारलं की ओशाळा व्हायचा.

शेवटी ती तालुक्याच्या गावी गेली आणि दुकानातून एक पोलादी पेटी घेऊन आली. पावाएवढी, वर ओळीने चार बटणं. ठरवलेल्या क्रमाने बटणं दाबली की झाकण टपकन उघडतं. चष्मा नको, उजेड नको, चावी नको. दुकानदार म्हणाला होता, "मावशी, घाबरल्यावर डोकं चालत नाही. जे तुमची बोटं झोपेतही विसरणार नाहीत असं काहीतरी ठरवा. वाढदिवस नको, तो सगळ्यांना ठाऊक असतो."

शेजारचा क्लोव्हिस कॉडिल, चर्चचा कारभार बघणारा जुना डीकन आणि खोऱ्यातला सगळ्यात मोठा बोलघेवडा, त्याने ती पेटी तिच्या बाजूला पलंगाच्या लाकडात स्क्रूने पक्की केली.

"झालं," तो गुडघे झाडत म्हणाला. "आता चोराला हे न्यायचं तर पलंगासकट न्यावं लागेल. आणि तुलाही."

"मला नेलं तर दुपारपर्यंत परत आणून सोडतील," डेल्फिया म्हणाली. "तिकडे तोंड कर, मला नंबर बसवायचाय."

क्लोव्हिसने भिंतीकडे तोंड केलं. डेल्फियाने पलंगावर बसून पेटीवर हात ठेवला. बोटं झोपेतही विसरणार नाहीत असं काय आहे, याचा तिला विचार करावा लागलाच नाही. अंगठा, पहिलं, मधलं. अंगठा, पहिलं, मधलं. झाकण टपकन उघडलं. तिने ते लावलं, पुन्हा उघडलं, डोळे मिटून उघडलं. रिव्हॉल्वर आत ठेवलं आणि किती दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला. रेनिटाला फोन करून तिने सांगितलं तेव्हा आवाजात थोडी ऐटसुद्धा होती.

ऑक्टोबरातली गोष्ट. डोंगर लाल-पिवळे झाले होते आणि ऊन उतरणीला लागलं होतं. हॉबर्ट खुर्चीत डुलकी घेत होता म्हणून डेल्फिया मागच्या दाराने खुराड्याकडे गेली. कोंबड्यांना दाणे टाकले, एका आडमुठ्या कोंबडीशी भांडून तिच्याखालची अंडी काढली, ती एप्रनमध्ये घेतली आणि आली तशीच मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. स्वतःचंच घर. हाक कशाला मारायची?

हॉबर्ट टेबलापाशी उभा होता. रिव्हॉल्वर त्याच्या हातात होतं, आणि हात अजिबात कापत नव्हता.

"कोण?" तो म्हणाला.

एप्रन दोन्ही हातांनी धरलेला, त्यात अंडी. ती सोडावी की धरावी हेसुद्धा तिला कळेना.

"मी आहे, हॉबर्ट. डेल्फिया."

"डेल्फिया माझी बायको," तो म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता, आणि ते जास्त वाईट होतं. "ती घरात नाही. तुम्ही हाक न मारता आत कशा शिरलात?"

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. ओळखीचं तिथे काही नव्हतं. आपला नवरा आपल्याला चोर समजून मारणार आणि उद्या शुद्धीवर येऊन विचारणार, डेल्फी कुठे गेली, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी नसणार, एवढा सगळा विचार तिच्या मनात येऊन गेला. मरणाची भीती वाटली ती त्यानंतर. आणि मग तिला त्याचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. हाक न मारता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "रीत सोडली मी. बाहेर जाते आणि हाक मारते. चालेल?"

हॉबर्टने क्षणभर विचार केला. मग मान हलवली. "मारा."

ती पाठ न वळवता, पायाने उंबरा चाचपत मागे सरली. घराला वळसा घालून पुढच्या फाटकाशी गेली, फाटकाबाहेर पडली, ते लावून घेतलं. अंडी अजून एप्रनमध्येच होती. तिने श्वास घेतला आणि शाळेच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा त्या आवाजात हाक मारली.

"ए घरवाले! कुणी आहे का घरात? मी टॅकेटांकडची आहे हो! वरच्या टोकाच्या टॅकेटांची!"

मग पुढचं दार उघडलं आणि हॉबर्ट ओसरीवर आला. दोन्ही हात मोकळे होते. पाहुण्यासमोर हत्यार घेऊन जायचं नाही हे त्याला बापाने शिकवलं होतं, आणि ते अजून गेलेलं नव्हतं.

"या, या," तो म्हणाला, आणि नसलेली टोपी उतरवली. "टॅकेट मंडळी चांगली. बसा. अंडी आणलीत? कशाला त्रास घेतलात?"

डेल्फिया स्वतःच्या ओसरीवर पाहुणीसारखी बसली. लगेच आत पळावं असं तिला शंभरदा वाटलं, पण पाहुणी आल्या आल्या आत पळत नाही. हवेबद्दल बोलणं झालं. यंदा अक्रोड फार धरलेत यावर दोघांचं एकमत झालं. शेवटी ती म्हणाली, "घोटभर पाणी मिळेल का? तुम्ही बसा, मी घेते," आणि आत गेली. रिव्हॉल्वर टेबलावर होतं, सकाळी भाजलेल्या मऊ बिस्किटांच्या ताटलीशेजारी, नीट, नळी भिंतीकडे करून ठेवलेलं. तिने गोळ्या काढून एप्रनच्या खिशात टाकल्या, रिव्हॉल्वर पिठाच्या पिशवीत कोंबलं आणि मग नळ सोडून सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकून रडली. पाणी जोरात सोडलं होतं, बाहेर ऐकू गेलं नाही. मग पाण्याचा पेला भरून ती बाहेर गेली आणि तो पेला त्यालाच दिला.

आपणच झाकण उघडं टाकलं असणार, असं तिला वाटलं. दुसरं काय? त्या रात्री तिने स्वतःला लागतील तेवढी दूषणं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रिकामी पेटी नीट लावली आणि ती बिछाना आवरत असताना हॉबर्ट येऊन तिच्या बाजूला बसला. त्याचा एक हात पेटीवर पडला. तो खिडकीतून बाहेर बघत होता, मनाने कुठेतरी लांब होता, पेटीकडे त्याचं लक्षही नव्हतं. आणि त्याची बोटं हलू लागली. अंगठा, पहिलं, मधलं. अंगठा, पहिलं, मधलं.

झाकण टपकन उघडलं. हॉबर्ट दचकला, आणि मग लहान मुलासारखा खुदकन हसला.

डेल्फिया उशी छातीशी धरून उभी राहिली. गाणी गेली, महिने गेले, तिचं स्वतःचं तोंड त्याच्या मनातून गेलं, आणि हे तेवढं राहिलं होतं. त्याच्यापासून रिव्हॉल्वर लपवण्यासाठी तिने नेमकी त्यानेच तिला दिलेली वस्तू कुलूप म्हणून लावली होती. तिला स्वतःचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं. त्याच्या डोक्यावर उशी हलकेच मारली आणि मग ते डोकं धरून ठेवलं. त्याने धरू दिलं.

रेनिटा फोनवर ओरडली नाही, त्यावरून ती किती घाबरली ते कळलं. मग म्हणाली, "मम्मी, निदान नंबर तरी बदल."

डेल्फियाने बदलला आणि गोळ्या भरून रिव्हॉल्वर पुन्हा आत ठेवलं. नवा क्रम कागदावरून पाठ केला, पण हात पेटीवर ठेवला की बोटं जुन्याच वाटेला लागायची आणि पेटी लाल दिवा लावून कुरकुरायची. पेटीसोबत आलेल्या अडीअडचणीच्या चावीने उघडायचं म्हटलं तर आधी चष्मा शोधा. हे सगळं एकवेळ सवयीने जमलंही असतं. ती हट्टी बाई होती. पण एका दुपारी ती नवा क्रम घोकत बसली असताना मागून हॉबर्टची पावलं वाजली आणि ती दचकली, आणि दचकताना तिचा हात पेटीकडे गेला. तो हात तिने नंतर बराच वेळ मांडीवर धरून ठेवला. अंधारात तिच्या अंगावर चालून येणारा माणूस आता बहुधा हॉबर्टच असणार होता. आणि घाबरल्यावर डोकं चालत नाही, हे दुकानदाराने तिला आधीच सांगितलं होतं.

तिने क्लोव्हिसला बोलावलं. तो फाटकातून हाक मारून आला. तिने त्याच्या हातात एक टोपली दिली. वर सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या, खाली फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर.

"तुझ्या लोखंडी कपाटात ठेव. गोळ्या वेगळ्या पुडक्यात आहेत. माळ्यावरची ती जुनी लांब बंदूकही उतरवून ने."

क्लोव्हिसने टोपली हातात तोलली. आमच्याकडे एखाद्या घरात बंदूक नाही हे कळणं म्हणजे त्या घराचं दार काढून नेल्यासारखंच.

"कुणाला कळणार नाही," तो म्हणाला. "डेल्फियाने मुरंबा दिला, एवढंच. आणि तू मुरंबा दिलास यावर तरी कोण विश्वास ठेवणार आहे?"

"बरण्या परत आण," डेल्फिया म्हणाली.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने तीन बायांना खणखणीत आवाजात सांगितलं की हॉबर्टच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, घरात आता एक शिल्लक नाही. खोऱ्यात बातमी पसरवायला त्या पायऱ्यांइतकी सोयीची जागा नाही. मागच्या दाराला क्लोव्हिसने ओकच्या लाकडाचा अडसर बसवून दिला. भीती म्हणाल तर ती गेली नाही. पाचोळा वाजला तरी डेल्फियाचे डोळे उघडत. पण ती भीती तिने स्वतःकडे ठेवून घेतली. घरात दोघांपैकी एकाला तरी भ्यावं लागणारच होतं, आणि हॉबर्टच्या वाट्याला तशीही कमी नव्हती.

रिकामी पेटी पलंगाला तशीच राहिली. जुना क्रम डेल्फियाने पुन्हा बसवला. हॉबर्ट सकाळी तिच्याशेजारी बसतो, बोटं फिरवतो, झाकण उघडतं आणि तो हसतो. कधी ती आत एखादं बिस्किट ठेवते.

आणि ती आता कुठेही गेली तरी, खुराड्यापर्यंत गेली तरी, मागच्या दाराने येत नाही. घराला वळसा घालते, फाटकाबाहेर जाते, लावून घेते आणि हाक मारते. रस्त्याने जाणाऱ्यांना सुरुवातीला नवल वाटलं. म्हातारीचंही डोकं गेलं, असं कुणी म्हणालंही. नंतर सगळ्यांना कळलं, आणि आता तिने हाक मारली की रस्त्यावरचा माणूस आतून उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढे जातो.

परवा बर्फ भुरभुरत होतं. तिने फाटकातून हाक मारली, नाव सांगितलं, वरच्या टोकाच्या टॅकेटांची म्हणून सांगितलं. दार उघडलं. हॉबर्ट ओसरीवर आला, टोपी उतरवल्यासारखा हात केला.

"या, बाई, या. अशा थंडीत बाहेर उभ्या राहू नका," तो म्हणाला. "डेल्फी घरात नाही, पण येईलच आता. तुम्हाला असं बाहेर उभं ठेवलं कळलं तर माझी काही धडगत नाही."

डेल्फियाने बुटांवरचं बर्फ झटकलं आणि पायऱ्या चढली.

"थांबते मग मी," ती म्हणाली. "ती येईपर्यंत."